ट्रुडी वायबेंगाची एकोणीस दारं

रविवारची प्रार्थना आटपून सगळे कॉफीला ट्रुडी वायबेंगाच्या घरी जमले होते. ट्रुडीची नणंद मार्लीन बाथरूममधून हात पुसत बाहेर आली, मधल्या बोळात क्षणभर थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “ट्रुडी, तुझ्या घरातलं प्रत्येक दार वेगळ्या माहेराहून आल्यासारखं वाटतं गं.”

एवढंच म्हणाली. मग तिनं बदामाचं सारण भरलेल्या पोळीचा तुकडा उचलला आणि पाद्रीबाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलायला लागली.

मार्लीन खवट नव्हती, हीच तर अडचण. खवट माणसाचं बोलणं सोडून देता येतं. मार्लीन बरोबर बोलायची. ट्रुडीनं पाहुणे गेल्यावर कपबशा तशाच सिंकमध्ये ठेवल्या आणि घरभर एक फेरी मारली. घर चौऱ्याऐंशी सालचं, बैठं, खाली तळघर. त्या काळच्या चकचकीत पितळी मुठी अजून निम्म्या दारांना होत्या. बाथरूमचं काम केलं त्या वर्षी डर्कनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बोळातल्या तीन दारांना निकेलची हँडलं बसवली होती आणि मग मासेमारीचा मोसम सुरू झाल्यामुळे चौथ्या दारापाशी थांबला होता. मुलीच्या, अनिकाच्या, खोलीला काळपट ब्राँझ. कपडे धुण्याच्या खोलीला क्रोम. ते कुठून आलं हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. आणि तळघरातल्या कोठीच्या दाराला डर्कच्या आजीच्या शेतघरातली पांढरी चिनी मातीची मूठ, जी फिरवली की हातात यायची. एकूण एकोणीस दारं. बिजागऱ्या सगळ्या पितळी, त्यातल्या निम्म्या भिंतीच्या रंगानं माखलेल्या.

या घरात ती तेवीस वर्षं राहत होती. दार उघडत होती, लावत होती. आणि आज पहिल्यांदा तिला ती दिसली.

हे ट्रुडीच्या बाबतीत व्हायला नको होतं, कारण तिची नजर फार बारीक. आठवड्यातले तीन दिवस ती गावातल्या दंतवैद्याकडे काउंटरवर बसायची. दाताला टोपी बसवायची असली की शेजारच्या दाताशी रंग जुळवायला एक छटांची पट्टी असते; ती घेऊन डॉक्टर स्वतः खिडकीपाशी ट्रुडीला हाक मारायचे. पांढऱ्यातला पिवळा, पांढऱ्यातला करडा, कॉफी पिणाऱ्याचा पांढरा आणि चहा पिणाऱ्याचा पांढरा तिला लांबून ओळखू यायचा. मार्लीनच्या पुढच्या एका दाताची टोपी शेजारच्या दातापेक्षा एक छटा गडद आहे, हे तिला कितीतरी वर्षं माहीत होतं. तिनं ते कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आणि त्या बाईनं कॉफी पिता पिता हिची एकोणीस दारं काढली.

“डर्क,” त्या संध्याकाळी ती म्हणाली, “जूनच्या आत सगळ्या दारांची हँडलं एकसारखी करायची.”

डर्क खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला. घरी आला की स्वतःच्या खुर्चीतून उठायचा नाही. “जूनमध्ये काय आहे?”

“अनिकाची शाळा संपते.”

डर्कला एवढं पुरलं, कारण आमच्या या भागात मुलाची शाळा संपणं ही घराची परीक्षा असते. जून लागला की प्रत्येक शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या टपालपेटीला फुगे बांधलेले दिसतात. गॅरेजमधून गाड्या बाहेर निघतात, टेबलं आत जातात, मुलाचे बाळपणापासूनचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवले जातात आणि दुपारभर प्रार्थनाघरातली अख्खी मंडळी, शेजारी, नातेवाईक येऊन हॅम घातलेले छोटे बन खातात. त्यासाठी लोक छप्पर बदलतात, गालिचे बदलतात, दहा वर्षं गळणारा नळ दुरुस्त करतात. मूल पास झालं की नाही हे शेवटच्या आठवड्यात कळलं तरी चालतं, पण घर मार्चपासूनच तयारीला लागतं.

ट्रुडीला एवढंच हवं होतं: त्या दिवशी मार्लीननं घरभर फिरावं आणि तिला वेगळ्या माहेरचं एकही दार सापडू नये.

अनिकानं एकदा समजावून पाहिलं. “मॉम, माझ्या मैत्रिणी दार उघडताना दाराकडे बघत पण नाहीत.”

“बघूच नये कुणी. लक्षातच येता कामा नयेत, अशी हवीत हँडलं.”

डर्कनं वर्तमानपत्र खाली घेतलं. “म्हणजे एवढा खटाटोप कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून?”

“हो.”

“मग आत्ताही कुणाच्या लक्षात येत नाहीत.”

“मार्लीनच्या येतात.”

“मार्लीनच्या तर मोजे उलटे घातलेले पण लक्षात येतात,” डर्क म्हणाला आणि हळूच पाय खुर्चीखाली घेतले.

आधी रंग ठरवायचा होता. काळा चालणार नव्हता, कारण मार्लीनच्या घरात सगळं काळं होतं, अगदी फडताळाच्या कडीपर्यंत; काळा घेतला तर नणंदेची नक्कल केली असं झालं असतं. पितळ परत फॅशनमध्ये आलंय, असं डर्क कुठूनतरी ऐकून आला आणि त्याला वाटलं, चला, निम्मं काम आपोआप झालं.

“आपलं पितळ परत आलेलं नाहीये,” ट्रुडी म्हणाली. “ते फक्त गेलेलं नाहीये.”

क्रोमवर बोटं उमटतात. ब्राँझ अंधाऱ्या बोळात घाण लागल्यासारखं दिसतं. उरलं निकेल, तेही चमकणारं नाही, घासून मंद केलेलं. ट्रुडीला वाटलं, ठरलं. मग ती दुकानात गेली आणि तिला कळलं की निकेल नावाचा रंगच नाही, निकेल हे एक मोठं कुळ आहे. एका कंपनीचं निकेल उबदार, किंचित मधासारखं. दुसरीचं निळसर, थंडीत राहिलेल्या चमच्यासारखं. तिसरीच्यात गुलाबी झाक, ती कुणाला सांगितली तर लोक डोळे तपासायला सांगतील अशी. आणि तिन्ही खोक्यांवर नाव एकच.

तिनं तिन्ही कंपन्यांचं एकेक हँडल घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडून ठेवलं. सकाळच्या उन्हात बघायची, दुपारी बघायची, ढग आले की काम टाकून बघायची. डर्कची न्याहारी त्या तीन हँडलांच्या सोबतीनं व्हायला लागली.

“हे दोन बघ,” ती म्हणाली. “फरक दिसतो?”

डर्कनं चष्मा लावला, पुढे वाकला, वेळ घेतला. “दिसतो.”

“काय दिसतो?”

“एक डावीकडे आहे.”

त्याच्या भांड्यात ओटच्या लापशीवर ट्रुडीनं नेहमीपेक्षा कमी साखर घातली.

“ट्रुडी, मला ते सगळं चमच्यासारखं दिसतं,” तो कळवळून म्हणाला. “चांगला रंग आहे चमच्याचा. मी रोज चमचा तोंडात घालतो, मला कधी त्रास झालेला नाही.”

मार्च उजाडेपर्यंत तिच्या डोळ्यांना चळ लागला. कुणाच्या घरी गेली की आधी दाराकडे नजर. बँकेत गेली, दाराला हात लावून उभी राहिली. मागचे लोक शिस्तीत रांग लावून थांबले. प्रार्थनाघरात एका बाजूच्या दारांना पितळ आणि दुसऱ्या बाजूला निकेल आहे, हे दिसल्यावर तिला त्या दिवशीच्या प्रवचनातलं एक अक्षर आठवेना. सासूबाई विल्मा शेजारी बसायच्या. त्यांनी नेहमीप्रमाणे पर्समधून पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवलं आणि पुटपुटल्या, “झोप येतेय का गं?”

“नाही, मॉम. दारं बघतेय.”

“अजून वीस मिनिटं आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

त्याच महिन्यात डर्कचे काका हर्मन वारले. पिकलं पान होतं, शेवटपर्यंत ट्रॅक्टर चालवला, कुणाला त्रास न देता गेले. अंत्यदर्शनाच्या संध्याकाळी सगळे रांगेनं शवपेटीजवळ जाऊन, मान झुकवून, पुढे सरकत होते. ट्रुडी पेटीजवळ गेली आणि तिथेच खिळली. पेटीच्या दोन्ही अंगांना जी हँडलं होती, त्यांचा रंग तिला हवा होता तोच. मधाची झाक, पण पिवळा नाही. मंद, पण मळकट नाही. तिनं डोकं एका बाजूला कलवलं, मग दुसऱ्या बाजूला. वरच्या दिव्याचा उजेड चुकवायला जरा वाकली. हातरुमाल काढून एका हँडलवरचा डाग हलकेच पुसला.

मागची रांग थबकली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. हर्मनच्या थोरल्या मुलीला तिच्याकडे बघून पुन्हा हुंदका फुटला. परत जाताना गाडीत विल्मा म्हणाल्या, “तुझा हर्मनवर एवढा जीव होता, मला माहीत नव्हतं.”

ट्रुडी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “फार साधा माणूस होता.” आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी दफन आटपल्यावर तिनं अंत्यविधीवाल्या गृहस्थांना बाजूला घेतलं आणि ती हँडलं कुठल्या कंपनीची, असं विचारलं. ते म्हणाले, ती कंपनी दारांची हँडलं बनवत नाही. मग जरा थांबून, अनुभवी माणसाच्या समजूतदारपणानं म्हणाले, “पण तुमची आवड मी नोंदवून ठेवू शकतो.”

शेवटी मधाच्या झाकेचीच कंपनी ठरली. एप्रिल आणि मे डर्कचे गुडघ्यांवर गेले. तो एकेका दारापाशी बसायचा, ट्रुडी हँडल पुसून हातात द्यायची आणि मागून बॅटरीचा उजेड पाडायची. बिजागऱ्या बदलल्या. दारामागचे भिंत राखणारे अडसर बदलले. जुन्या पितळी मुठींचा बादलीभर ढीग गॅरेजमध्ये साठला. जिथे जुनं भोक मोठं होतं तिथे लाकडाची चकती चिकटवावी लागली. जिथे दार फुगलं होतं तिथे रंधा मारावा लागला. डर्क तोंडानं पुटपुटायचा, पण थांबला नाही. मासेमारीचा मोसम सुरू झाला तरी थांबला नाही. ट्रुडीनं ते बघितलं आणि लापशीवरची साखर पूर्ववत केली.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी अठरा दारं झाली होती. कोठीचं तेवढं उरलं होतं. ते मी सकाळी उरकतो, तू बन बघ, असं डर्क म्हणाला.

सकाळी ट्रुडी उठली, बोळाच्या टोकाला उभी राहिली आणि तिनं घराकडे बघितलं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि एकापुढे एक सहा हँडलं एकाच रंगात, एकाच उंचीवर, एकाच दिशेला वळून उभी होती. शाळेतल्या शहाण्या मुलांसारखी. तिला जरा भरून आलं.

तेवढ्यात बाहेर ट्रकचा आवाज आला. डर्क अंगणात उभा राहून हातवारे करून कुणाला तरी मागे मागे घेत होता. ट्रकवर निळ्या रंगाचा, उभा, प्लास्टिकचा फिरता संडास.

“माझ्याकडून तुला,” डर्क म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “कारखान्यातल्या एकाच्या भावाचा धंदा आहे. आता कुणाला आत यायलाच नको. तू एवढं घर झकास केलंस, लोक येऊन मळवतील म्हणून मी...”

ट्रुडी पायरीवर बसली.

“डर्क,” ती म्हणाली, “लोकांना घरात यायला तेवढं एकच कारण होतं.”

डर्कनं संडासाकडे बघितलं, मग घराकडे, मग परत संडासाकडे. त्याला कळायला लागलं, पण तोवर ट्रक फाटकाबाहेर पडला होता.

दुपारी दीडशेच्या वर माणसं आली. गॅरेज गजबजलं. अनिका पांढऱ्या झग्यात सगळ्यांना मिठ्या मारत होती आणि पुढे काय शिकणार हे प्रत्येकाला नव्यानं सांगत होती. बन संपत होते, बटाट्याची कोशिंबीर संपत होती, हिरव्या जेलीत अननसाचे तुकडे थरथरत होते. आणि घराचं दार, गॅरेजमधून आत जाणारं, नव्या हँडलाचं, कुणी उघडत नव्हतं.

ट्रुडीनं प्रयत्न सोडला नाही. “आत जरा गार आहे,” ती शेजारणीला म्हणाली.

“इथे छान वारा आहे,” शेजारीण म्हणाली.

“मॉम, तुम्ही आत जाऊन जरा आडव्या होता का?”

“कशाला?” विल्मा म्हणाल्या. “मला कुणी मेलेलं समजेल.”

एका बाईला तिनं सांगितलं की हॉलमध्ये अनिकाचे आणखी फोटो आहेत. बाई दारापर्यंत आली, पायातल्या बुटांकडे बघितलं आणि परत फिरली. “बूट नका काढू, तशाच या,” ट्रुडी म्हणाली आणि आसपासच्या पाचसहा जणांच्या माना वळल्या. ट्रुडी वायबेंगा बूट घालून आत या म्हणतेय. तिची तब्येत बरी आहे ना, असं एकीनं डर्कला कोपऱ्यात जाऊन विचारलं. निळ्या संडासासमोर मात्र रांग होती आणि रांगेतला जो तो डर्कची पाठ थोपटत होता.

मार्लीन हॅमच्या भांड्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. छातीवर आजीचा निळा ब्रोच, हातात पंख्यासारखी धरलेली कागदी बशी. ती उठायचं नाव घेत नव्हती. ट्रुडीनं बराच विचार केला आणि मग तिला आठवलं की आमच्या बायकांना एक गोष्ट नाकारता येत नाही.

“मार्लीन, खालून बन आणायला जरा हात देतेस?”

मार्लीन लगेच उठली. खाद्यपदार्थ उचलायला बोलावलं आणि बाई बसून राहिली, असं या गावात अजून घडलेलं नाही.

ट्रुडीनं तिला मुद्दाम बोळातून, लांबच्या वाटेनं नेलं. हळू चालली. एकदा तर बुटाची नाडी बांधायला थांबली, पायात नाडीचे बूट नसताना. मार्लीन भराभर चालत होती. “दोन ट्रे पुरतील का तीन?” एवढंच तिनं विचारलं. नजर समोर, डाव्या-उजव्या बाजूला काही नाही. असं करत दोघी तळघराचा जिना उतरल्या.

कोठीच्या उघड्या दाराशी मात्र मार्लीन थांबली. “हे बटण कसलं?” म्हणून तिनं हँडलच्या मधोमध असलेलं बारकं बटण अंगठ्यानं दाबलं.

ट्रुडीनं बटणाकडे नीट बघितलंच नाही. मार्लीननं हँडलला हात लावला, एवढंच तिला दिसलं. “नवं आहे,” ती घाईनं म्हणाली. “आतल्या बाजूनं आणखी छान दिसतं. ये ना. दार लोट, दिव्याखाली बघ.”

मार्लीन आत आली. दार लोटलं. खट् असा आवाज झाला.

दिव्याखाली दोघींनी हँडल बघितलं. मग मार्लीननं ते खाली दाबलं. हँडल हललं नाही. ट्रुडीनं दाबलं. दोघींनी मिळून दाबलं.

ट्रुडीला आता सगळं स्पष्ट दिसलं. सकाळी डर्कला साधं हँडल कमी पडलं असणार. त्यानं उरलेलं बाथरूमचं बसवलं, आतून कडी लावायचं बटण असलेलं. आणि घाईत ते उलटं बसवलं. बटण बाहेर.

“म्हणजे तुझी कोठी बाहेरून बंद होते,” मार्लीन म्हणाली.

“हो.”

“बनना पळून जाता येऊ नये म्हणून?”

“डर्कनं बसवलंय.”

“मग प्रश्नच मिटला,” मार्लीन म्हणाली. तो तिचा सख्खा भाऊ होता.

दोघींनी दार ठोठावलं. हाका मारल्या. मार्लीननं बटाट्याच्या पोत्यावर उभं राहून छताला झाडूचा दांडा आपटला. वरून फक्त गॅरेजमधली गाणी ऐकू येत होती. वरती कुणी नव्हतंच. दीडशे माणसं गॅरेजमध्ये आणि अंगणात होती, आणि त्यातलं एकही माणूस घरात पाऊल टाकणार नव्हतं. ट्रुडीचा फोन वर गाणी वाजवत होता. मार्लीनचा पर्समध्ये, पर्स खुर्चीवर.

“कुणाला तरी बाथरूमला जायचं असेलच,” मार्लीन म्हणाली.

“डर्कनं बाहेर सोय केलीय.”

मार्लीननं डोळे मिटले. “माझा भाऊ लहानपणापासून असाच आहे. मदतीला आला की घर खाली करावं लागतं.”

मग ती लोणच्याच्या डब्यावर बसली. बसल्यावर हँडल बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती बघत राहिली. ट्रुडी बाजूला उभी राहून तिला बघत राहिली. दंतवैद्याकडे क्ष-किरणांची फिल्म डॉक्टरांनी उजेडाला धरली की पेशंट ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं.

“हा रंग मी बघितलाय,” मार्लीन म्हणाली. “हर्मनकाकांच्या पेटीवर.”

ट्रुडी बनांचा ट्रे सरळ करायला लागली.

“तू वाकून वाकून बघत होतीस. सगळ्यांना वाटलं रडतेय.”

“तुला नाही वाटलं?”

“मी तुझ्या मागेच होते ना रांगेत. मी पण बघत होते.” मार्लीननं मान खाली घातली. “ट्रुडी, कुणाला सांगू नकोस. माझ्या काळ्या हँडलांचा रंग उडतोय. जिथे हात लागतो तिथे खालचं पांढरं दिसतं. जॅक म्हणतो, दिसत नाही. नवऱ्यांना काय दिसतं? मी कोळशानं भरते.”

“कोळशानं?”

“चित्रकलेच्या. दर शनिवारी. लोक येण्याआधी. आणि मग लोक गेले की टॉवेल काळे होतात.”

ट्रुडी दुसऱ्या डब्यावर बसली. दोघी शेजारी शेजारी बसल्या, समोर बनांचे तीन ट्रे. मार्लीननं एक बन उचलून अर्धा केला आणि अर्धा ट्रुडीला दिला. हॅम नव्हतं, लोणी नव्हतं. तरी बरा लागला.

बन चावता चावता ट्रुडीला हँडलच्या मधोमध एक टाचणीएवढं भोक दिसलं. दुकानात ती इतके दिवस उभी राहिली होती, की खोक्यामागचा बारीक मजकूरसुद्धा तिला पाठ होता. मूल बाथरूममध्ये अडकलं तर बाहेरून सुई घालून कडी सोडवता यावी म्हणून ते भोक असतं. हँडल उलटं बसलं होतं, म्हणजे बाहेरची बाजू आत होती. म्हणजे भोक त्यांच्याकडे होतं.

“मार्लीन, तुझा ब्रोच दे.”

“हा आजीचा आहे.”

“आजीचा आहे म्हणूनच मोडणार नाही.”

मार्लीननं ब्रोच काढून दिला. ट्रुडीनं पिन भोकात घातली, जरा चाचपडली, मग आत काहीतरी टचकन बसलं आणि हँडल खाली झुकलं. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. वरून गाण्याचा आवाज तसाच येत होता.

मार्लीननं एक ट्रे उचलला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला. “ट्रुडी,” ती म्हणाली, “बाकीची दाखव.”

बन तिथेच खाली राहिले. मार्लीननं पायातले बूट काढून जिन्यापाशी नीट जोडीनं ठेवले आणि दोघी निघाल्या. मार्लीन एकेका दारापाशी थांबायची, हँडल दाबायची, दार उघडून काठ बघायची, बिजागरी बघायची, मागे जाऊन अडसर बघायची. हात मागे बांधून मागे सरकायची. ट्रुडी तिच्या मागून चालत होती. बोळ झाला. अनिकाची खोली झाली. धुण्याची खोली झाली, “अच्छा,” मार्लीन म्हणाली, “क्रोम गेलं वाटतं.” म्हणजे क्रोम तिच्या लक्षात होतं. बाथरूम झालं. चादरींचं कपाट झालं.

शेवटचं दार डर्कच्या कपड्यांच्या कपाटाचं. मार्लीननं ते उघडलं, चौकटीकडे बघितलं, चष्मा नाकावर वर सरकवला आणि बोट ठेवलं.

दार लावल्यावर कडीचं टोक जिच्यात बसतं, ती चौकटीतली छोटी पट्टी. पितळी होती. चौऱ्याऐंशी सालची. तिच्या एका स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालेलं होतं, आणि डर्कनं त्याच्याशी झटापट केल्याच्या ताज्या खुणा सभोवार लाकडावर होत्या. निघाला नाही म्हणून त्यानं तो तसाच सोडला होता, दार लावून घेतलं होतं आणि ट्रुडीला सांगितलं नव्हतं.

ट्रुडीनं ती पट्टी बघितली. तिच्या, दातांच्या छटा ओळखणाऱ्या नजरेतून ही सुटली होती.

तेवढ्यात बोळात पावलं वाजली. डर्क आत आला. घामाघूम, हातात रिकामं भांडं. “बन कुठे आहेत? सगळे थांबलेत. मॉमनं पर्समधली पेपरमिंटं वाटायला घेतलीत.” मग त्याला आपल्या कपाटाचं दार उघडं दिसलं, त्यापाशी उभी असलेली बायको दिसली, पट्टीवर बोट ठेवलेली बहीण दिसली. तो एक पाऊल मागे सरकला.

“तो स्क्रू...” तो म्हणाला.

“अनवाणी फिरून आले मी सगळं घर,” मार्लीन त्याला म्हणाली. “फार सुरेख जुळलंय. एवढं एक सोडलं तर.”

डर्कनं घाबरत घाबरत बायकोकडे बघितलं. ट्रुडी हसत होती. त्यानं तिला लग्नातसुद्धा एवढं हसताना बघितलं नव्हतं. त्याला काहीच कळेना, कारण त्याला फक्त एक चुकलेली पट्टी दिसत होती. ही एक चुकलेली सापडायला त्या बाईला बाकीचं सगळं घर किती बारकाईनं बघावं लागलं असेल, ते ट्रुडीला दिसत होतं.